जिन्यांचा तक्ता

१२ जून

चि. घोडेवैद्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

महिनाभर पत्र नाही, म्हणजे घोड्या बहिणीपेक्षा लाडक्या. बाळंतपणाला इथं आलेल्या आपल्या धाकट्या बहिणीचं कपाट काल आवरलं. बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांखाली तू पाठवलेला चालण्याचा तक्ता सापडला. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात धाकटी हृदय बंद पडून गेली, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबरच्या खुणा आहेत. तुझा शब्द कधी मोडला नाही तिनं.

आता माझी लेक, बडबडीही, दोन जिने चढली की गप्प होते. जावई म्हणतात, घराला तेवढाच विसावा. तिच्या सासूबाई म्हणतात, एक मूल झालं की सगळं जागेवर येईल. तक्ता तिला देऊ का?

लोभ आहेच, उत्तर तेवढं धाड.

ताई

१६ जून

ती. ताईस सा. न.

तक्ता देऊ नकोस. तो माणसांचा नव्हताच. दम नसलेल्या घोड्यांना आम्ही रोज थोड्या फेऱ्या वाढवतो. मी फेऱ्या खोडून जिने लिहिले. धाकटीनं कळवलं होतं की वर जाताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मी लिहिलं, खाऊन सुस्तावलीस. मला तो विनोद वाटला होता.

इथं अडीच-तीन वर्षांच्या घोड्या आहेत. त्यांच्या अंडाशयातले बीजकोश किती वाढले ते मी रोज यंत्रावर मोजतो, मिलिमीटरमध्ये. पस्तीसच्या पुढे गेला की घोडी फळवायला मालक खुशीत धावत येतात. काल एक घोडी धापा टाकत होती. मी सांगितलं, तर म्हणाले, कोश वाढतोय ना, मग झालं. किळस आली. मग आठवलं, धाकटीच्या सासरी बाळाबद्दल हेच ऐकलं होतं आणि मी मान डोलावली होती. तीनदा हात धुतले, वास जात नाही.

तिच्या फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढला होता. आजार दुर्मीळ, पण काही घरांत रक्तातून येतो. डॉक्टरांनी ती गेल्यावर मला सांगितलं होतं. तुला सांगितलं असतं तर तक्त्याचंही सांगावं लागलं असतं.

बडबडीला जिने चढू देऊ नकोस. हृदयाची सोनोग्राफी करा, धमनीचा दाब बघा असं स्पष्ट सांग. तोवर मुलाचा विषय बंद.

राग धर, पण आधी तपासणी कर.

भाऊ

२९ जून

चि. भावास आशीर्वाद.

दाब वाढलेलाच निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गोळ्या सुरू केल्या, मूल नको म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, मग ही सून काय कामाची? बडबडीनं धापा टाकत विचारलं, सून आणली होती की घोडी? तिला घरी घेऊन आले. खालची खोली दिली आहे.

वर्षभर तू गप्प बसलास. तुझं पत्र वाचून मला शिसारी आली. दोन दिवस ते उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

तक्ता सोबत पाठवते आहे. शेवटची खूण नीट बघ, ती जाड पेन्सिलीची आहे. त्या दिवशी धाकटी नको म्हणत होती. मीच तिला रागावले, दंडाला धरून वर नेलं, आणि खूण केली.

लोभ उरला का, ते आता दोघांनी मिळून बघू.

ताई