लॅपटॉपला घर दिसेना

लोणंद,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

अहो,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. राणी शाळेत जाते, ऊस तोडणीला आलाय. बायकोला आताच पत्र लिहायचं कुठून सुचलं, म्हणून हसू नका. शेजारचे वीरधवलभावजी सुट्टी संपवून आज तुमच्याच युनिटला निघालेत, त्यांच्या हाती देतेय.

आधी लॅपटॉपचं सांगते. दिवाळीपासून त्याला आपलं वायफाय दिसेना. शेजाऱ्यांचं दिसतं, कोपऱ्यावरच्या दुकानाचं दिसतं, आपलंच तेवढं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! बंद करून चालू केला, राउटरची वायर काढून घातली, विमानाचं चिन्ह दाबून पाहिलं, शेवटी उदबत्तीही ओवाळली. राउटर डोक्यावर लुकलुकतोय आणि हा मेला म्हणतो, नेटवर्क नाही. फोनला मात्र व्यवस्थित मिळतं.

तुम्ही म्हणाल, मग फोनवर बघतोय की सगळ्यांना. कुठं बघताय? फोन तात्या स्वतःच्या हातात धरतात. तुम्हाला तुमच्या वडिलांची फक्त मिशी दिसते. लॅपटॉप टेबलावर ठेवला असता तर सगळे तात्या दिसले असते, पायापर्यंत.

पाय काळा पडलाय हो त्यांचा. साखरेनं. अंगठ्यापासून सुरू झालं, आता घोट्याकडं चाललंय. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत कापला नाही तर माणूस हातचा जाईल. तात्या ऐकत नाहीत. "पोरगं शिमेवर हाय, त्याच्या डोक्याला ताप नगं," म्हणाले आणि मला राणीच्या गळ्याची शपथ घातली. "फोनवरनं काय कळवायचं न्हाई, फोटू धाडायचा न्हाई, कुणापाशी तोंड उघडायचं न्हाई." मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, मी कशाला बोलू, लॅपटॉपच दाखवेल.

काल वायफाय बसवणाऱ्या गुंडाभाऊला गाठलं. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला, "वैनी, तात्यांनीच सांगितलं. ह्यो जुना लॅपटॉप धरणार न्हाई आसल्या नव्या रेंजवर वायफाय टाकलंय, नवा फोन तेवढा धरतोय. परत बदलायचं न्हाई म्हून मलाबी पोराची शपथ घातलीया."

हसावं की रडावं? मी गोठ्यात जाऊन मोठ्यानं रडले.

आज भाकरी थापताना एकदम सुचलं. ज्या माणसानं फौजेतल्या सबंध नोकरीभर घरी पत्रंच धाडली, तो शपथ घालताना पत्र विसरला. म्हणून लिहितेय. राणीला काही होणार नाही ना हो?

भावजी शुक्रवारी पोचतील. पत्र मिळताच फोन करा. मला नको, तात्यांना. मुलगा म्हणून विनवू नका, मुलाचं ते हसण्यावारी नेतील. ते हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आले, तुम्ही नायब सुभेदार, त्यांच्या वरचे आहात. हुकूम द्या. हुकूम त्यांनी आजवर मोडलेला नाही.

त्यांचे कपडे मी पिशवीत भरून ठेवलेत. गाडीही सांगून ठेवलीय.

तुमच्या हुकमाची वाट पाहणारी,
शिवांजली