न झालेल्या गाठीचा रिपोर्ट

३ नोव्हेंबर
गारगोटीहून ताईचा फोन. आंघोळ करताना डाव्या छातीत, काखेजवळ गाठ हाताला लागली. दुखत नाही. "जुन्या टाक्यांचंच असंल," म्हणाली. आवाज तिचा नव्हता. दुकानात टाइल्सचा माल उतरवून घेताना दोनदा चुकलो.

५ नोव्हेंबर
राजारामपुरीत डॉक्टर मॅडमकडे. ताई, दाजी, मी. सोनोग्राफी झाली. मॅडमनी विचारलं, छातीचं आधी काही ऑपरेशन? ताईच्या आधी दाजीच बोलले, "लग्नाआधी पुण्यात गाठ काढल्याली. साधी निघाली हुती." ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.
मॅडम: सुईनं तुकडा काढून तपासू. जुना रिपोर्ट असेल तर तोही आणा.
बाहेर आल्यावर दाजी: "आधी जुना कागद गावू दे, मग सुई. मागची साधी, म्हंजे ही बी साधीच की. काय पावणं, तोंड का पाडलंय?"

६ नोव्हेंबर
मागची गाठ नव्हतीच. ताईनं छातीत बसवून घेतलेल्या सिलिकॉनच्या पिशव्या काढल्या होत्या. हे पहिल्यांदाच लिहितोय. पुण्यात साड्यांच्या जाहिरातींत फोटोला उभी राहायची, तेव्हा बसवल्या. त्रास व्हायला लागला, काढल्या. तेव्हा दवाखान्याबाहेर बाकड्यावर मी एकटा होतो. आईला, पुढं सासरी सांगितलं, गाठ होती. सगळ्यांना पटलं. आता त्या साध्या गाठीच्या जोरावर सगळे निवांत आहेत.
झोप नाही.

१० नोव्हेंबर
आईनं ट्रंक उपसली. मीही शेजारी बसून कागद उलटत राहिलो, जे नाही ते शोधत.
ताईला फोन केला. "त्यो कागद कधीच गावणार न्हाय. आन् दाजी त्यासाठी थांबलेत."
"तू गप. कळलं तर माघारी धाडतील मला."
तिनं फोन ठेवला असं वाटलं, तोवर: "बंड्या, मोठी झाल्यागत लागतीय."

११ नोव्हेंबर
ताई एकटीच एसटीनं आली. घरात सांगितलं, साडी घ्यायला जाते. मॅडमना सगळं तिनंच सांगितलं. रागावतील वाटलं होतं. "बरं झालं बोललात. पिशव्यांच्या जागी जाड व्रण राहतो, तो मी जुन्या गाठीचा धरत होते. ही गाठ त्याच्या बाहेर आहे." सुई झाली.
जाताना तिनं खरंच साडी घेतली. उलगडूनही पाहिली नाही.

१८ नोव्हेंबर
कॅन्सर.
मॅडम म्हणाल्या, लवकर सापडलाय असं दिसतं, पण अजून तपासण्या… नवऱ्याला घेऊन या.
घरी येऊन नळ बंद आहे का ते सारखं बघतोय.

१९ नोव्हेंबर
हे मुदाळ तिट्ट्यावर चहाच्या टपरीत बसून लिहितोय.
मॅडमनी दाजींना सांगितलं. दाजींनी एकच विचारलं, "जगंल न्हवं?" मॅडम म्हणाल्या, उपचार आहेत, वेळ घालवू नका. पिशव्यांचं त्या बोलल्या नाहीत. ते ताईवर सोडलं.
गारगोटीला सोडायला मीही गाडीत. बिद्री मागं पडली. मग दाजी, "मला न सांगता सुई केलीस. असू दे. पर आता त्यो पुण्याचा कागद पायजेच. मागची खरंच साधी हुती का बघाय नगं? उद्या मीच जातो. दवाखान्याचं नाव सांगा, पावणं."
मी तोंड उघडलं. मागून ताई, "गाडी बाजूला घ्या. बंड्या, तू उतर."
उतरलो. चहा समोर आहे, साय धरलीय. गाडी रस्त्यापलीकडे. दाजींचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, बराच वेळ तसेच. आता मागचं दार उघडलं. ताई उतरली. पुढचं दार तिनं उघडलं की दाजींनी आतून, दिसलं नाही. ती आत बसली.
गाडी अजून हललेली नाही.