अर्ध्या भिंतीचा सांधा

मी, कुवाबारा तोकुझो, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा मातीच्या भिंतींचा गिलावा, राहणार मुरासाकिनो, क्योतो, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. हात थरथरतो, डोके नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरणाचा विचार करायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर व त्याखालील जागा माझा मुलगा रेइजी यास मिळावी. घर पाडून तिथे मोटारी उभ्या करायचा त्याचा बेत आहे, हे मला ठाऊक आहे. त्याने खुशाल पाडावे. झिजणाऱ्या वस्तूच मी जन्मभर बनवल्या, त्या झिजल्या म्हणून रडणार नाही. मात्र भिंतींची माती त्याची नव्हे, ती माझी मुलगी ओरिए हिची. वडिलांच्या वेळची ही मुरलेली माती नव्या मातीत घातली की भिंत पहिल्या दिवसापासून शांत दिसते. रेइजी, एक ढेकूळही ट्रकवाल्याला देऊ नकोस.

कलम २. बँकेतील शिल्लक दोघा भावंडांत निम्मी निम्मी. भांडण्याइतकी ती नाही.

कलम ३. माझ्या सर्व थाप्या, लहानमोठ्या त्रेचाळीस, ओरिएला द्याव्यात. याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण त्यात माझी चूक आहे.

१९५६ साली चहाचा विधी शिकवणाऱ्या शिराफुजी बाईंच्या चहाच्या खोलीची भिंत मी व माझा थोरला भाऊ गिसुके यांनी केली. शेवटच्या थरात मी दादाला न सांगता लोखंडाचा कीस मिसळला. असा कीस गंजत जातो आणि काही वर्षांनी मातीवर काळपट-तांबूस ठिपके उमलतात. आमच्या धंद्यात त्यांना काजवे म्हणतात. पाच वर्षांनी ते उमलले. बाई गावाला गेल्या असताना दादाने ते पाहिले. मी पोहोचलो तोवर त्याने उजवी अर्धी भिंत खरवडून वर गुळगुळीत गिलावा चढवला होता.

"हे कसले काजवे? भिंतीला देवी आल्यात देवी! आणि मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणजे कळत होतं की तुला!"

संध्याकाळी बाई परतल्या. भिंत पाहून त्या म्हणाल्या, "आता दोघांनीही हात खाली ठेवा. आहे तशी राहू दे." आम्ही बाहेर पडलो. दादाने घाटापलीकडे ओत्सूला बिऱ्हाड हलवले. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

दोन वर्षांनी सोळा वर्षांची ओरिए म्हणाली, "बाबा, मला थापी धरायला शिकवा." मी म्हणालो, "पोरीच्या जातीला हे शोभत नाही. हाताला भेगा पडल्या तर कोण करून घेईल तुला?" तिने वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात घाट ओलांडून ती दादाच्या दारात उभी राहिली आणि त्याने तिला ठेवून घेतले. शेजाऱ्यांना मी सांगितले, शिवणकाम शिकायला गेली आहे.

गेल्या शरदात वादळाने बाईंचे छप्पर गळले आणि त्या भिंतीचा खालचा भाग ढासळला. नव्वदीच्या बाईंनी मला निरोप धाडला. माझा हात थापी धरीना, म्हणून ओरिए आली. मी नऊ दिवस स्टुलावर बसून पाहत होतो. डावीकडे तिने कीस घातला, उजवीकडे नाही. मधली रेघ तिने तशीच खालपर्यंत नेली.

"सांधा का नाही मिटवलास?"

"भांडण झालं होतं ना बाबा? मग दिसू दे की. मिटवला तर भिंत खोटं बोलेल."

दुपारी कागदी दारातून उजेड आडवा आला आणि त्या रेघेवर थांबला. अशी सुंदर भिंत माझ्या हातून झालेली नाही. थाप्या तिच्याच. ज्याची हरकत असेल त्याने आधी हातभर भिंत लिंपून दाखवावी.

कलम ४. अंत्यविधीला विकतची फुले आणू नयेत. त्या दिवशी अंगणात जे असेल ते ठेवावे. नुसते वाळलेले गवत असले तरी चालेल.

कलम ५. गिसुके यास काही ठेवत नाही. त्याने भिंत खरवडली, त्याची माफी नाही. माझ्या मुलीला दार उघडले, त्याबद्दल त्याला नमस्कार.

वाढीव मजकूर. ओरिएने वरील मसुदा दादाला दाखवला. आज तो काठी टेकत स्वतः आला. त्र्याऐंशीचा झाला आहे. त्याने चष्मा लावून सगळे वाचले.

"तोकु, भिंत खरवडली ते बरं लिहिलंस. आणि पोरीचा पहिला गिलावा मी सात वेळा उतरवायला लावला ते? आठव्यांदा तिनं विचारलं, 'काका, बाबासुद्धा असंच करतात का?'"

"मग काय सांगितलंस, दादा?"

"सांगितलं, त्याच्यासारखं मला जमत नाही. म्हणून तर तुला सात वेळा करायला लावतोय."

हे मी त्याच्या आग्रहाने नव्हे, माझ्या मर्जीने येथे नोंदवत आहे. कलम ५ तसेच राहील. ते वाचूनही त्याने खालील सही केली आहे.

लिहून देणार: कुवाबारा तोकुझो (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. हात्सुकानो उमे, टोफूवाली, शेजारीण (सही)
२. कुवाबारा गिसुके, लिहून देणाऱ्याचा भाऊ (सही)

ठिकाण: मुरासाकिनो, क्योतो
तारीख: ९ नोव्हेंबर १९९२