खोली सत्तेचाळीसमधलं बालपण

लालबाग,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. शंतनुस,
आईचे अ. उ. आ. माझे पाठवलेले नाहीत.

शनिवार, १३ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता तुझ्या विद्यापीठाची तीन माणसं कॅमेरा घेऊन आमच्या खोलीत येणार, हे पक्कं आहे. चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी रामजीकाका यांनी आज सकाळी दारात उभं राहून सांगितलं. शूटिंगच्या परवानगीची ईमेल त्यांना आली आहे. त्यात लिहिलंय की तिसरा मजला, खोली सत्तेचाळीस हे शंतनुचं बालपणीचं घर. काकांनी विचारलं, हा दादरच्या सरोजिनीबाईंचा मुलगा इथे कधी राहायला होता? रेशनकार्डावर तर नाव नाही. मी म्हटलं, मलाही आजच कळतंय.

ईमेलमध्ये लिंक होती. विद्यापीठाच्या पानावर तू स्वेटर घालून खिडकीत उभा आहेस आणि खाली तुझा शिष्यवृत्तीचा निबंध म्हणून माझं बालपण छापलंय. माळ्यावर ताठ बसता येत नाही म्हणून पोटावर पडून केलेला अभ्यास, त्याने काळी पडलेली कोपरं, परळच्या हॉस्पिटलांतल्या पेशंटांसाठी डबे करणारी आई, नववीत असताना गेलेले वडील. शंतनु, नववीत माझे बाबा गेले. तुझे बाबा काल सकाळी सातला शिवाजी पार्कात चालत होते, मी कामावर जाताना त्यांना हात केला. तू तिकडे त्यांना मारून टाकलंयस, हे त्यांना माहीत आहे का?

फोनवर तू गोड बोलून घोळवशील, म्हणून तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे. जे सांगायचं ते कागदावर सांग. कागद डिलीट होत नाही. आईने ते पान माझ्याकडून वाचून घेतलं, आणि एवढंच विचारलं की डब्यांचं इंग्रजीत नीट लिहिलंय ना.

तुझ्या फराळाचा डबा या वर्षी पाठवणार नाही.

लोभ होता.
सुरुची


मँचेस्टर,
२५ ऑक्टोबर २०२५

ती. सुरुचीताईस,
सा. न. वि. वि. (माझ्याकडून सगळी अक्षरं पाठवली आहेत, मोजून घे.)

तू ब्लॉक केलंस म्हणून मी एका पाकिटासाठी पोस्टात रांगेत उभा राहिलो. तेवढ्याने तुझा अर्धा राग उतरला असेल अशी आशा.

दर गणपतीत मी दहा दिवस त्या खोलीत राहायचो, हे सोयीस्कर विसरलीस. माळ्यावर मीही झोपलोय. तुझ्या आयुष्याचं तू काय रजिस्ट्रेशन करून घेतलंयस? याच विद्यापीठाला चार वर्षांपूर्वी तूही फॉर्म भरला होतास. तुला घेतलं नाही. मला घेतलं. सरळ आहे ताई, गोष्ट तुझी असेल, पण सांगता मला आली.

आणि मी इथे मजा मारतोय असं समजू नकोस. वर्गात गरिबीचा विषय निघाला की आमच्या ओलिव्हिया मॅडम मान वळवून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, शंतनु यावर बोलेल. मी बोलतो. पाणी किती वाजता येतं, संडासाला रांग कशी लागते. बोरिवलीचा अनिश मागे बसून ऐकतो आणि बाहेर आल्यावर मला मोठ्याने चाळकरी म्हणून हाक मारतो, कारण त्याने इन्स्टावर आमचा दादरचा फ्लॅट पाहिलाय. त्याला गप्प ठेवायला वर्षभर त्याच्या पाळीची भांडी मी घासतोय. मार्चमध्ये देणगीदारांच्या चहापानाला एका म्हाताऱ्या बाईंनी माझी कोपरं बघायला मागितली. मला अंदाज होता, म्हणून मी आधी दोन आठवडे टेबलावर कोपरं घासत बसलो होतो. त्यांनी हात लावून बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुला हसू येत असेल तर हस.

आता मुद्द्याचं. फिल्म त्या बाईंनीच करायला लावली आहे. पत्ता विचारला तेव्हा तुमचाच दिला, दुसरा देणार कुठला? हे उघडं पडलं तर शिष्यवृत्ती जाईल, प्रवेशही जाईल, आणि कागदावर फसवणुकीचा शेरा मारून मला घरी पाठवतील. दोन वर्षांतलं एक झालंय. मला फक्त दोन तास हवेत. मावशीने आई म्हणून उभं राहायचं, तुझ्या बाबांचा फोटो भिंतीवर आहे तसा राहू द्यायचा. मावशी म्हणजे आईच, असं तुम्हीच सगळे म्हणता. तू कामावर गेलीस तरी चालेल. गेलीस तर बरंच.

लोभ राहिला नसेल तर राहू दे, दोन तास दे.
शंतनु


लालबाग,
९ नोव्हेंबर २०२५

शंतनु,

तुझं पत्र काल पोचलं. वाचून मी माळ्यावर चढले आणि ट्रंक उघडली.

माझा २०२१ सालचा निबंध मिळाला. याच विद्यापीठासाठी लिहिलेला. मी मराठी शाळेतली, तू कॉन्व्हेंटमधला, म्हणून इंग्रजी तपासायला तुझ्याकडे दिला होता. आठवतं का बघ. माळ्याच्या परिच्छेदावर तुझ्या पेन्सिलीची आडवी रेघ आहे आणि समासात तुझ्या अक्षरात लिहिलंय: ‘हे काढ. भीक मागितल्यासारखं वाटतं.’

मी काढलं. कोपरं काढली, डबे काढले, बाबा काढले. तू हुशार, तुला तिकडचं कळतं, असं मला वाटलं. मग जे उरलं ते मी पाठवलं. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती आणि मी पण नव्हते. त्यांनी नाही म्हटलं. तू सांत्वनाला आलास आणि बटाटेवडे खाऊन गेलास. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली, अजून तिथेच आहे, रोज दुसऱ्यांचं रक्त तपासते. फाईल मात्र तुझ्या लॅपटॉपवर राहिली.

तेव्हा ‘सांगता मला आली’ असं पुन्हा लिहू नकोस. तू आधी मला गप्प केलंस आणि मग तेच बोललास.

आई मिळणार नाही. ती काही नाटकाच्या कंपनीतून आणलेली नाही. बाबांचा फोटो आज उतरवून कपाटात ठेवला. त्यांना एकच मूल होतं.

उत्तर पाठवू नकोस.
सुरुची


मँचेस्टर,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. राधामावशीस,
शंतनुचा सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहायला सुरुचीताईने मनाई केलेली नाही, मला उत्तर देऊ नकोस एवढंच म्हणाली आहे, म्हणून लिहितो. ती माझ्यावर चिडली आहे. तिचं बरोबर आहे असं तू म्हणशील, तर म्हण. पण ती चिडली म्हणजे तिला काही दिसत नाही, हे तुलाही माहीत आहे. लहानपणी भांडण झालं की तू आम्हा दोघांना एका ताटात जेवायला बसवायचीस.

मावशी, इथे थंडी फार आहे आणि मला तुझी चवळीची उसळ आठवते. तुला काही खोटं बोलायचं नाही. ते इंग्रजीत विचारतील, मी उत्तर देईन. तू नुसती हसलीस तरी होईल. तुझ्या एका होकारावर माझं पुढचं सगळं आयुष्य आहे. आईला यातलं काही कळायला नको, तिला वाईट वाटेल.

तुझी माया तेरा डिसेंबरपर्यंत तरी टिकू दे.
तुझाच मुलगा,
शंतनु


दादर,
१ डिसेंबर २०२५ (कुरियरने)

चि. शंतनु,
आशीर्वाद देण्याचा मला अधिकार आहे की नाही ते तूच ठरव.

राधा काल तुझं पत्र घेऊन आली. ती हो म्हणायला निघाली होती. म्हणाली, पोराचं वाटोळं होईल, एक सकाळ आई म्हणून उभी राहिले तर माझं काय झिजतंय? पण माझ्याकडून काही लपवायचं तिला जमत नाही. ‘तुझाच मुलगा’ ही सही तिने वाचताना गाळली, म्हणून मी कागद हातात घेतला. मग सुरुचीला फोन करून बाकीचं सगळं मागवून घेतलं.

चौतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. तुझ्या निबंधात मी डबे करते. डबे करण्यात कमीपणा नाही. तुझ्या वेळी मला दिवस गेले होते तेव्हा राधाच्या डब्यांवर मी तीन महिने काढले. माझा प्रश्न एकच आहे: मी कुठे गेले? बापाला मारलंस, निदान त्याला एक वाक्य तरी दिलंस. मला खोडून वर बहिणीला लिहिलंस, आणि म्हणतोस की कळलं तर आईला वाईट वाटेल.

विद्यापीठाला तू स्वतः कळव, अजून बारा दिवस आहेत. मी कळवणार नाही. मुलांच्या चुका मी त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेत आले. ह्यांना ते वारल्याचं अजून सांगितलेलं नाही. आज जेवताना सांगेन.

तुझी, तुला चालत असेल तर,
आई


लालबाग,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५
(हॉटेलच्या काउंटरवर, हातपोच)

शंतनु,

आज सकाळी तू उतरलास, हे सरोजिनीमावशीला तुझ्या मेसेजवरून कळलं. पंधरा महिन्यांनी आलास आणि घरापासून दहा मिनिटांवर परळच्या हॉटेलात त्या तिघांबरोबर राहिलास, कारण दादरला तुझं घर असून चालत नाही. जेवणाला काय देतात तिथे?

तू विद्यापीठाला काही कळवलेलं नाहीस हे मला दिसतंय. आज दुपारी त्यांचा माणूस रामजीकाकांना भेटून प्लग कुठे आहेत ते बघून गेला.

उद्याचं असं ठरलंय. दार उघडं असेल. मी सुट्टी घेतली आहे. कोणी काही विचारलं तर खरं सांगेन, नाही विचारलं तर गप्प बसेन. तुझ्या पेन्सिलीची रेघ असलेला निबंध मी माळ्यावर उशीच्या जागी ठेवला आहे. त्यांना माळा हवाच असणार, आणि तुला तिथे पोटावर पडून दाखवावं लागणार. तो उचलायचा, झाकायचा की त्यांच्या हातात द्यायचा, ते तू वर चढल्यावर बघ.

तुझे बाबा, रघुवीरकाका, येणार नाहीत. मावशीने बरोबर चला म्हटलं, तर ते म्हणाले, मी गेलोय ना, मग कसा येऊ? त्यानंतर दोन दिवस ते पार्कात गेलेले नाहीत. भिंतीवर माझ्या बाबांच्या फोटोच्या जागी चौकोनी डाग आहे. त्याचं काय ते इंग्रजीत तूच सांग.

आई ओट्यापाशी असेल, कारण शनिवारीही पेशंट जेवतात आणि सात डबे साडेबाराला जायचे आहेत. ती नाही म्हणालेली नाही आणि हो पण म्हणालेली नाही. तुझी आई साडेदहालाच येऊन दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसणार आहे. ती काही बोलणार नाही असं तिने सांगितलंय, आणि ती म्हणते तसं करते.

परदेशातून आलेला मुलगा दारात बूट काढतो आणि आधी आईच्या पाया पडतो. हे तर तू त्या मॅडमना वर्गात नक्की सांगितलं असशील. कॅमेरा तुझ्या मागून आत येईल. डाव्या हाताला खुर्ची, समोर ओटा, मध्ये चार पावलं.

आधी कोणापुढे वाकायचं ते उद्या अकरापर्यंत ठरव.

लोभाचं त्यानंतर बघू.
सुरुची