वरचे पुढचे दोन दात

३ जून १९७४, सोमवार

वरचे पुढचे दोन्ही जाणार! डॉ. मूनसामींनी बोट लावून हलवून दाखवले. म्हणाले, "हिरडीत काही उरलंच नाही हो. ठेवले तर शेजारचेही घेऊन जातील." विचारलं, महिनाभर कळ काढली तर? "पू झालाय. महिना कसला, आठवडासुद्धा नको."

महिनाअखेरीला जोहान्सबर्गला आमच्या बँडच्या पहिल्या तबकडीचं रेकॉर्डिंग आहे. सॅक्सोफोनचं तोंड ह्याच दोन दातांवर टेकवून एकवीस वर्षं वाजवतोय. हे डॉक्टरांना बोललो नाही. काय उपयोग!

५ जून

काढले. नोबांतूने मक्याची पातळ पेज करून दिली. लग्नाची बायको, समोर बसून हसू दाबत होती. म्हटलं, हस की. तर रडायलाच लागली.

११ जून

टायर कारखान्यातून आलो, दार लावून घेतलं, सॅक्स काढला. नुसती हवा. मग वरचा ओठ आत दुमडून पाहिला — सूर निघाला, पण कसला! भिंतीपलीकडून मांबेले ओरडली, "रादेबे, बकरं कापतोयस आणि शेजाऱ्यांना बोलावणं नाही?"

नोबांतूने तिला काहीतरी उत्तर दिलं. मी ओठाचं रक्त पुसत होतो.

१५ जून, शनिवार

तालमीत सगळ्यांना सांगून टाकलं. विल्बरफोर्सने पियानोचं झाकण लावलं. ड्रमवाला जिंजर म्हणाला, पुढे ढकलू. रेकॉर्ड कंपनी ढकलणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

मग विल्बरफोर्स हळूच म्हणाला, "फेझिले आहे."

नऊ वर्षांत हॉलमध्ये हे नाव कोणी घेतलं नव्हतं. माझ्यासमोर तरी नाही. 'कोर्स्टनची गल्ली' ही चाल मी बांधली ती सरकारने काळ्यांची वस्ती उठवून आईचं घर पाडलं त्या वर्षी. फेझिले त्याच गल्लीतला. दोन सॅक्स, पहिला आवाज माझा, दुसरा त्याचा, असे आम्ही शेजारी उभे राहून वाजवायचो. मग शहरातल्या मोठ्या मैफलीच्या दिवशी — सकाळच्या गाडीने गेला! निरोप नाही, चिठ्ठी नाही. त्या दिवशी त्याची रिकामी खुर्ची शेजारी ठेवून मी एकटा वाजवत होतो. जोहान्सबर्गला नाव काढलं म्हणे. काढू दे.

मी उठून घरी आलो.

१६ जून

नोबांतू म्हणाली, "मी माहेरी जाऊन बसले तरी तू चार दिवस रुसत नाहीस. त्याच्यावर नऊ वर्षं?"

म्हटलं, तुला नाही कळायचं.

"मला एवढंच कळतं, की ती चाल तुझ्या आईच्या घराची आहे. ती कोणाच्या तोंडून येते, ह्याचं त्या घराला काय?"

रागाने पेज तशीच ठेवली. नंतर थंडगार खाल्ली.

१८ जून

पोस्टातून फेझिलेला फोन केला. त्याचा आवाज जाड झालाय.

"कोण?"

"मी."

तिकडे रेडिओ बंद झाला. मग — "रादेबे! मला वाटलं, तू मेल्याचं कळवायला कोणीतरी फोन केलाय."

"दात गेले."

हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "वरचे?"

"वरचे. दोन."

"तबकडीचं कानावर आलंय. स्टुडिओत येतो," म्हणाला. "काळजी करू नकोस." आणि ठेवला. मी काही मागितलंही नव्हतं!

२९ जून, शनिवार, जोहान्सबर्ग

झालं रेकॉर्डिंग. काचेपलीकडे इंजिनिअरच्या शेजारी बसलो होतो — हातात काही नाही, मांडीवर बोटं आपोआप चालत होती. पहिल्या वेळी फेझिलेने तिसऱ्या ओळीनंतर श्वास घेतला. तिथे मी कधीच घेत नाही. डोकं फिरलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तिथेच घेतला, आणि त्या थांबण्यात मला आमची गल्ली दिसली. आई दारात उभी राहून, हाक मारायच्या आधी अशीच थांबायची. एवढी वर्षं मी ते घाईने ओलांडत होतो.

तबकडीच्या पाकिटावर आल्टो सॅक्स कोणाचा लिहायचा, इंजिनिअरने विचारलं. मी म्हटलं, फेझिले गोक्वाना. चाल माझी, एवढं लिहा.

मी बेचाळीस वर्षांचा आहे. वाजवणं संपलं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे रोज नव्याने कळायला नको.

३० जून, रविवार

फेझिलेच्या घरी सकाळचा चहा. त्याने वरची सगळी कवळी काढून बशीत ठेवली. बोबडं बोलत म्हणाला, "मैफलीच्या आदल्या दिवशी. आपल्या काळ्यांचा तो पास दाखवायला उशीर झाला, पोलिसाने तोंडावर दंडुका घातला. असल्या तोंडाने तुझ्या शेजारी कसा उभा राहणार होतो? तुला सांगायची लाज वाटली रे." मग कवळी बसवली, माझी हनुवटी धरली. "दोन वर्षं लागली मला. तुला एक लागेल. ओठ असा धर... हं. आता फुंक!"