मांडीवरचे आठ किलो गहू

प्रिय नीला,

परवा संध्याकाळी तुझ्या दादानं मला गाडीत बसवलं आणि या वेळी मांडीवर गव्हाची पिशवी दिली नाही. म्हणून हे पत्र.

तू गेलीस त्याला आता पाच महिने होतील. डेंगू! पस्तिशीतली धडधाकट बाई, वळणावर गाडीचं मागचं चाक हवेत उचलणारी, आणि एका डासानं सहा दिवसांत नेली. सगळं कसं झोकात करायचीस, मग मरायला असलं फालतू कारण शोधायचं? दहाव्याला सगळे रडत होते आणि मी आतल्या आत तुझ्यावर चिडले होते.

तर, पुढच्या रविवारी शर्यत आहे. तीच आपली, हौशी लोकांची, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर ड्रम मांडून वळणं आखतात ती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच महिने कव्हरखाली असलेली लाल गाडी तुझ्या दादानं बाहेर काढली, चारी चाकांच्या बाजूनं सुतळी ताणली आणि मला म्हणाला, "बस जरा आत, चाकं सरळ आहेत का बघू."

तुला आठवतंय ना ते प्रकरण? चाकांचं माप घेताना चालवणाऱ्याचं वजन सीटवर हवं, नाहीतर रिकाम्या गाडीचं माप घ्यायचं आणि भरलेली पळवायची, असला उफराटा प्रकार होतो. चालवणार तू. पण तू हिंजवडीला, तुझे ते परदेशातले साहेब फोनवर, तुला कुठला वेळ! मग तुझ्या जागी मी. माझं वजन तुझ्यापेक्षा आठ किलोनं कमी, म्हणून मांडीवर आठ किलो गव्हाची पिशवी. "हलू नकोस," म्हणायचा तुझा दादा. तास-तासभर. एकदा पहिल्या मजल्यावरच्या सबनीस काकूंनी डोकावून विचारलं, "काय माधुरी, गाडी शिकतेस वाटतं?" मी म्हटलं, "नाही काकू, गहू राखतेय."

हसलीस तू हे ऐकून, पोट धरून. मला काय वाटत होतं, ते एकदा तरी विचारायचंस ना गं!

आज सांगते. मी तुझ्यावर जळायचे. नणंद-भावजयीत असतं थोडं, तसलं नाही. डाळीत मीठ कुणी घातलं, टीव्हीचा रिमोट कुणाकडे, यावरून माझं तुझ्याशी कधी वाजलं नाही. मी त्या सीटवरून जळायचे. लायसन्स माझं तुझ्या आधीचं. शनिवार पेठेतल्या बोळांतून माझ्या मामांची गाडी आरशाला ओरखडा न काढता बाहेर काढणारी मुलगी मी. ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते मी. वळणावर गाडीचं वजन कुठून कुठे जातं, हे वाघोलीपर्यंत बस बदलत जाऊन पोरांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. आणि घरच्या गाडीत माझा उपयोग काय, तर धान्याचं पोतं!

गाडी तरी कसली, मामंजींची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. पुढे बाजारात नव्या गाड्यांची रांग लागली, जो तो शोरूममध्ये, आणि आपली लालबाई एकदम म्हातारी ठरली. मामंजी गेल्यावर तुम्हा बहीण-भावांनी ठरवलं, हिला शर्यतीची करायची. मागची सीट काढली, मॅट काढल्या, स्टेपनी काढली. मला वाटतं, जमलं असतं तर तुम्ही दारंही काढली असती.

पण गाडी वळेना. आठवतं? पुढच्याच चाकांनी ओढायचं, त्यांनीच वळायचं, त्यांनीच थांबवायचं, आणि मागची दोन नुसती फरफटत येणार. थोडक्यात आपल्या घरातली मी आणि बाकीचे तुम्ही. वळणावर स्टीअरिंग फिरवलं तरी नाक सरळच. तुम्ही दोघं चार महिने पुढच्या चाकांच्या मागे लागलात. पुढचे टायर बदला, पुढच्या स्प्रिंगा बदला, पुढचं हे करा, पुढचं ते करा. मी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होते. तुमची चर्चा ऐकून इतका कंटाळा आला, की मान वर न करता म्हटलं, "पुढचं सोडा हो. मागचं बिघडवा. मागची पकड कमी झाली की शेपूट फिरेल, शेपूट फिरलं की नाक आपोआप वळेल."

मग तुझ्या दादानं मागच्या बाजूला जाड पोलादी दांडा बसवला, मागच्या टायरमध्ये हवा वाढवली. अठ्ठावीस पौंड पुढे, छत्तीस मागे. पहिल्याच वळणावर गाडी अशी गर्रकन फिरली, की तू खाली उतरून ओरडलीस, "दादा, यू आर अ जीनियस!"

दादा! आणि तोही असा लाजला, जणू रात्रंदिवस त्यानंच गणितं केली होती. मी थर्मासमधून चहा ओतत होते. सांडला माझ्या हातावर.

मग तुझे कप येऊ लागले. टीव्हीवर एक, फ्रिजवर एक, देवघराशेजारी दोन. माझं कॉलेजचं प्रमाणपत्र कपाटात साड्यांखाली. पेपरात फोटो आला तेव्हा तू हेल्मेट काखेत धरून हसतेयस, तुझा दादा बाजूला, आणि कडेला एक कोपर. ते कोपर माझं. हवेचं गेज धरलेलं. आईंनी तो फोटो फ्रेम केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. "आमची नीला!" कोपर कुणाचं, एकानं विचारलं नाही.

वाईट याचं वाटायचं, की तू वाईट नव्हतीस. तू कुजकी असतीस, मिजासखोर असतीस, तर किती सोपं झालं असतं माझं! तू यायचीस, माझ्या गळ्यात पडायचीस, "वहिनी, तुझ्या हातची थालीपीठं दे, मरतेय मी भुकेनं," म्हणायचीस. मी थापायचे आणि मनात म्हणायचे, खा बाई, वजन वाढव अजून.

एकदा, तुम्ही दोघं वडापाव आणायला गेला होतात तेव्हा, "गाडी सावलीत लावते" असं सांगून मी धावपट्टीवर एक पूर्ण फेरी मारली. तुला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या वळणावर मागचं चाक उचललं गेलं, अंगावर काटा आला आणि मी मोठ्यानं हसले. एकटीच! लग्न झाल्यापासून इतक्या मोठ्यानं हसल्याचं आठवत नाही. मग गाडी मुकाट सावलीत लावली आणि तुमच्यासाठी कागदी बश्या मांडल्या.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. तीन वर्षांपूर्वीच्या त्या एका रविवारी तू चौथी आलीस. बाकी दर वेळी पहिली नाहीतर दुसरी. अजून लोक म्हणतात, "त्या दिवशी नीलाचं काय बिनसलं कोण जाणे."

माझं बिनसलं होतं. त्या सकाळी तुझ्या दादानं सगळ्यांसमोर मला सांगितलं, "तू फक्त हवा बघ, बाकी कशाला हात लावू नकोस." फक्त हवा! जिनं तुम्हाला शेपटाचं शहाणपण शिकवलं तिनं फक्त हवा बघायची. मी मागच्या दोन्ही टायरमधली बारा पौंड हवा सोडली. सुस्सकन आवाज आला, किती गोड वाटला म्हणून सांगू! मागच्या चाकांना पकड आली, शेपूट जागचं हलेना, आणि गाडी पुन्हा म्हातारीसारखी सरळ-सरळ जायला लागली. प्रत्येक वळणावर तू स्टीअरिंगशी झटत होतीस, मला दिसत होतं. मी टाळ्या वाजवत होते.

तू उतरलीस. हेल्मेट काढलंस. माझ्याजवळ आलीस, माझ्या हातातलं गेज घेतलंस, मागच्या टायरला लावलंस, वाचलंस. पुसून परत माझ्या हातात दिलंस. मग दादाकडे वळून म्हणालीस, "माझंच चुकलं रे. ब्रेक उशिरा मारले."

नीला, भांडायचंस ना तेव्हा! चारचौघांत दोन शब्द सुनवायचेस. मी उलटून बोलले असते, तू बोलली असतीस, मोकळं झालं असतं. तू माझी चूक पदरात घेतलीस आणि मी कायमची लहान झाले. त्याबद्दल मी तुझ्यावर जितकी जळले, तितकी त्या सगळ्या कपांमुळे जळले नाही.

आणि परत येताना, चहाच्या टपरीवर, तू चावी माझ्यापुढे धरलीस. "वहिनी, पुढची रेस तू चालव. मी बाहेर थांबते."

आता मी जन्माची पुण्याची. आमच्या पेठेत कुणी "या, बसा" म्हटलं तरी माणूस आधी विचार करतो, हा नक्की काय सुचवतोय? मला वाटलं, मारला टोमणा. हवेचा वचपा काढतेय, गोड हसून. मीही तितकंच गोड हसले आणि म्हटलं, "नको गं बाई, मला नाही असली हौस." मग चावी खिशात टाकलीस आणि क्रीमरोल मागवलेस.

परवा मी सीटवर बसले होते. तुझा दादा खाली वाकून सुतळी मोजत होता. मी विचारलं, "अहो, पिशवी?" तर म्हणाला, "कशाला? तूच चालवणारेस ना." इतकं साधं म्हणाला, की माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "त्या चौथ्या नंबरच्या वेळी मागची हवा मी सोडली होती."

"माहितीये," तो म्हणाला. मान वर केली नाही. "घरी आल्यावर मीही गेज लावलं होतं."

"आणि बोलला नाहीत?"

"नीला म्हणाली तिचं चुकलं. म्हटलं, तिला नाही सांगायचं तर मी कशाला सांगू." मग म्हणाला, "पुढच्या रेसचा फॉर्म तिनं तुझ्या नावानं भरला होता. तुझा रक्तगट मला विचारला. त्याच दिवशी, तुम्ही चहा घेत होतात त्याच्या आधी."

"मग? कुठाय तो फॉर्म?"

"फाडला तिनं. तू नको म्हणालीस ना." आणि पुन्हा सुतळीकडे बघत म्हणाला, "मला बजावलं होतं, वहिनीला सांगू नकोस. तिला मनातून वाटलं तरच बसू दे."

टोमणा नव्हता तर तो! तू खरंच बाहेर थांबणार होतीस! पुण्यात राहून सरळ बोलायचं कुणी शिकवलं गं तुला? आणि पुन्हा एकदा विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? दोनदा आग्रह करतात आपल्यात, लाडू वाढतानासुद्धा तीनदा करतात. एकदा नको म्हटलं की नकोच, असं कुठे असतं का?

मी त्या सीटवर बसून रडले. तुझ्या दादानं पाच मिनिटं वाट बघितली आणि मग हळूच म्हणाला, "हलू नकोस गं, माप चुकतंय." तशीच रडले मग, न हलता.

तीन वर्षं, नीला. तीन वर्षं आपण एकाच गाडीत आलटून पालटून बसलो असतो. तू जिंकली असतीस, मी चिडले असते, मी जिंकले असते, तू थालीपीठं मागितली असतीस. मला तुला हरवायचं होतं. समोर तू उभी असताना, घड्याळ बघत, नखं कुरतडत. आता हरवू कुणाला? कागदावर लिहिलेल्या तुझ्या सेकंदांना?

तरी रविवारी बसणार आहे मी. फॉर्मवर माझं नाव माझ्या हातानं लिहिलंय. आणि तुला शब्द देते: गाडीत बसायच्या आधी तिथल्या निवेदकाचा माइक मागून घेईन आणि जमलेल्या सगळ्यांना सांगेन, त्या दिवशी नीला चुकली नव्हती, ब्रेक वेळेवर मारले होते, हवा मी सोडली होती. तुझा दादा म्हणाला, "एवढं कशाला, कोण विचारतंय आता?" मी म्हटलं, "माझं मन विचारतंय."

मग चालवेन. जीव तोडून चालवेन, तुला कसलीही सवलत न देता. हरले तर लोक म्हणतील, नीलाची सर नाही. आणि जिंकले तर म्हणतील, नीला असती तर हिचं काय चाललं असतं! बघ, गेल्यावरसुद्धा पहिला नंबर तुझाच. जळते मी तुझ्यावर, अजून जळते, आणि तू परत येणार असशील तर सगळा जन्म तुझ्या मागे दुसरी यायला तयार आहे.

तुझीच,
माधुरी वहिनी