पडवीतला तेरडा

अहो,

मी शिकवणीला तिरुवैयारुला जातेय, संध्याकाळच्या बसनं परत येईन. सार-भात झाकून ठेवलाय.

आपल्या वर्षाला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी तुम्ही मागच्या पडवीतल्या तेरड्याच्या कुंड्या गेटपाशी नेल्यात. पाहुणे जाऊन चार दिवस झाले, कुंड्या अजून तिथेच! सांगून सांगून थकले मी. पानं करपलीत उन्हानं. सावलीत चांगला फुलतो म्हणून तर तेरडा लावला होता. तुमच्या आईंनाही ऊन सोसत नाही, त्या दिवसभर पडवीतच असतात. त्यांच्या अधू डोळ्यांना तेवढाच गुलाबी-लाल रंग दिसायचा.

आणि त्या जागी तुम्ही आणून ठेवलंत काय, तर प्लास्टिकची फुलं! वर म्हणालात, "तिला कुठे कळतंय!"

आज ऑफिसला जायच्या आधी कुंड्या आत आणा.

काल आई त्या प्लास्टिकला तांब्यानं पाणी घालत होत्या. मी थांबवायला गेले. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या, पण सांगतेच. म्हणाल्या, "घालू दे गं. मला कळलं नाही असंच वाटू दे रघूला."

विशालाक्षी